उसनं रक्त

आपल्याला आता दुसऱ्याचे काहीतरी घ्यावे लागणार आहे, ही गोष्ट विमलाबाईंना कोणी समोर उभे राहून सांगितली नाही. ती त्यांनी पडद्याआडून ऐकली. पडदा हिरवा होता आणि रुंदीला अपुरा होता. पलीकडे तरुण डॉक्टर श्रीनिवास त्यांच्या मुलाला, अभयला, सांगत होते, "आज हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन आहे. सातच्या खाली गेलं तर रक्त चढवू. तोवर नको." अभय म्हणाला, "पण डॉक्टर, नॉर्मल बारा असतं ना? मी नेटवर वाचलंय. आत्ताच देऊन टाका ना दोन बाटल्या. डोनर्सचं टेन्शन नाही, मी टीमला मेल टाकतो." विमलाबाईंच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, पायाला बँडेज होते, हाताला तीन ठिकाणी नळ्या होत्या, परंतु कान मोकळे होते, आणि त्या कानांत 'डोनर' हा शब्द खड्यासारखा जाऊन बसला. डोनर म्हणजे दाता. एका टोकाला दाता असला की दुसऱ्या टोकाला हात पसरून कोणीतरी उभे असते, आणि ते कोणीतरी म्हणजे या खेपेस विमलाबाई ओव्हाळ होत्या. एवढा ताप असताना, एवढी धाप असताना, त्यांना प्रथम जाणवली ती लाज. शेजारच्या यंत्राने तिची नोंद घेऊन टिकटिक वाढवली.

त्या अतिदक्षता विभागात येऊन पडल्या त्या एका कुरूपापायी. उजव्या पायाच्या करंगळीखाली त्यांना वर्षानुवर्षे कुरूप होते आणि ते वाढले की नवऱ्याच्या, भीमरावांच्या, दाढीच्या पात्याने त्या ते स्वतः कापीत. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये असताना हा कार्यक्रम रविवारी, अंगणात, उन्हात पाय ठेवून, शेजारणींशी बोलत बोलत होई. भीमराव गेले, क्वार्टर सुटले, अभयने धायरीला फ्लॅट घेतला. पाते मात्र विमलाबाईंनी बरोबर आणले. आता तेच पाते, तोच पाय, तोच हात असताना पाय सुजला, तांबडा झाला, मांडीपर्यंत ठणकू लागला, तेव्हा दोष कोणाचा हे त्यांच्या दृष्टीने उघड होते. धायरीच्या टँकरच्या पाण्याचा. रुग्णवाहिकेत अभय भ्रमणध्वनीवर एकामागून एक सर्वांना सांगत होता, "आईला सेप्सिस झालंय, सेप्सिस," आणि स्ट्रेचरवरून, शुद्ध जाता जाता, त्यांनी त्याला दुरुस्त केले होते, "सेप्टिक म्हण." एवढे बोलून मग त्या बेशुद्ध झाल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा कोठे तरी भोंगा वाजत होता. कारखान्याचा भोंगा, पहिल्या पाळीचा. भीमरावांचा डबा अजून भरलेला नाही, या धास्तीने त्या उठू लागल्या, आणि सिस्टर जया धावत आली. "काय करून राहिल्या आजी? कुठं चालल्या?" भोंगा नव्हता. सलाईनचे यंत्र होते. जया चंद्रपूरकडची होती, आणि तिने खांद्याला धरून त्यांना परत निजवले ते इतक्या सहजपणे, की आपल्याला कोणी निजवू शकते या गोष्टीचे विमलाबाईंना बराच वेळ नवल वाटत राहिले.

त्या खोलीत दिवसरात्र नव्हते. दिवे सदैव जळत होते आणि वीज वाया जाते आहे या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती. दिवस उगवला हे एकाच गोष्टीवरून कळे. जया यायची, दंडाला रबर बांधायची आणि तीन-चार काचेच्या नळ्या भरून रक्त न्यायची. संध्याकाळी आणखी. मध्ये मनगटातून वेगळे. विमलाबाईंनी भीमरावांच्या पगारात घर चालवले होते. डब्यातले तांदूळ कोण किती काढते यावर त्यांचा डोळा असे. त्यांनी डॉक्टर श्रीनिवासांना बोलावून घेतले. बोलावून घेतले म्हणजे, ते शेजारच्या खाटेपाशी असताना हाताने खाटेच्या कठड्यावर टकटक केली. ते आले. "डॉक्टर," मुखवटा बाजूला करून त्या म्हणाल्या, "रोज तुमची माणसं नेतात, आणि रोज तुम्हीच येऊन सांगता, कमी झालं. घरात असं होत असतं तर मी मोलकरीण बदलली असती." जया तोंड फिरवून हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे आजी. आमच्या तपासण्यांनीही कमी होतं. उद्यापासून लहान मुलांच्या नळ्या वापरू." मग त्यांना वाटले असावे, बाई हुशार आहेत, यांना सगळे सांगावे. म्हणून ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले की मुख्य कारण जंतुसंसर्ग आहे. शरीरात लोह असते, पण जंतूंनाही वाढायला लोहच लागते. म्हणून शरीर आपले लोह कुलूपबंद करून ठेवते, जंतूंना मिळू देत नाही, आणि त्यात स्वतःलाही मिळत नाही. नवे रक्त तयार होत नाही. "कुलूप कोण लावतं?" त्यांनी विचारले. "तुमचंच शरीर." विमलाबाईंना हे उत्तर मनापासून आवडले. आपले शरीर आपल्याच वळणावर गेले आहे, चोर घरात शिरले आहेत हे ओळखून त्याने कोठीला कुलूप घातले आहे, किल्ली कमरेला लावली आहे, आणि आता घरातली माणसे उपाशी बसली तरी ते दार उघडणार नाही. त्याने दुसरे काय करावे अशी डॉक्टरांची अपेक्षा होती, ते त्यांना कळेना.

परंतु रक्त घेण्याचा प्रश्न राहिलाच होता. रक्तदान. त्या शब्दातले दान त्यांच्या जिभेवर लोखंडासारखे लागे. दान त्यांना नवे नव्हते. बुद्धपौर्णिमेला क्वार्टर्समधल्या साऱ्या चाळींना खीर त्यांच्या घरची जाई, विहारातल्या वाचनालयातले अर्धे कपाट त्यांनी भरले होते, आणि भिक्खूंना भोजन देताना त्यांची पाठ कशी ताठ असे हे लोक आठवणीने सांगत. हे सगळे देण्याच्या बाजूचे. घेण्याच्या बाजूला त्या कधी गेल्याच नव्हत्या. एकदा कारखान्यात संप लांबला, घरातली चहापूड संपली, आणि नेमके भीमरावांचे दोन मित्र आले. विमलाबाईंनी पाण्यात गूळ आणि सुंठ उकळून त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितले, सध्या चहा बाधतो, आमच्याकडे सर्वांना काढा सुरू आहे. मित्रांनी तो काढा वाखाणला. इतका, की पुढे संप मिटल्यावरही ते दर आठवड्याला काढ्यासाठी येत राहिले, आणि भीमरावांना, ज्यांना सुंठेचा तिटकारा होता, त्यांच्याबरोबर बसून दर आठवड्याला तो प्यावा लागला. शेजारी बायडाबाईंकडे चहापूड होती. दोन पावलांवर होती. पण तिकडे जाणे विमलाबाईंच्या मनातही आले नाही. येत असे ती बायडाबाईच. वाटी घेऊन यायची. कधी पीठ, कधी साखर, कधी नुसत्याच कोथिंबिरीच्या चार काड्या. नेताना सपाट वाटी न्यायची आणि परत करताना शीग लावून आणायची, आणि देता-घेता दारात अर्धा तास बोलत उभी राहायची. विमलाबाई मनात म्हणत, काय ही बाई, हिला संसाराचा अंदाज म्हणून नाही. क्वार्टर सोडताना टेम्पोत सामान चढले तेव्हा बायडाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली होती, "विमल, इतकी वर्षं झाली, तू माझ्या दारात काही मागायला कधी आलीच नाहीस. मला वाटायचं, माझ्या घरचं तुला चालत नाही की काय." त्या वेळी विमलाबाईंनी हे हसण्यावारी नेले होते. आता, दिव्यांच्या त्या पांढऱ्या उजेडात, टेम्पो पुन्हापुन्हा सुरू होत होता आणि बायडाबाई पुन्हापुन्हा तेच म्हणत होती, आणि या वेळी ते हसण्यावारी नेता येत नव्हते.

पुढच्या तपासणीत आकडा सहा पॉइंट सहा आला. डॉक्टर श्रीनिवास आता स्वतः येऊन खाटेशी उभे राहिले, कारण काल अभयने सही करायला कागद हातात घेतला तेव्हा विमलाबाईंनी "मी जिवंत आहे, मला विचारा" असे इतक्या मोठ्याने म्हटले होते की शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ दचकून जागे झाले होते. "आजी, आता द्यावं लागेल. रक्तदाब औषधावर टिकवलाय. रक्त इतकं कमी राहिलं तर हृदय दमेल. काल नको होतं, आज पाहिजे."

"काल का नको होतं?"

"कारण गरज नसताना दिलेलं रक्त फायद्याचं नसतं. कधी त्रासाचंच होतं. म्हणून आम्ही सातपर्यंत थांबतो."

"मग मला तुमचं कालचं मत पटलेलं आहे," विमलाबाई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

अभय येऊन रडकुंडीला आला. घरी तो कधी एवढा लहान दिसत नसे. "आई, प्लीज. हट्ट करू नकोस. हे काय लग्नातलं जेवण आहे का, नको म्हणायला?" त्याच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र लोंबत होते, ते काढायचेही त्याला सुचले नव्हते. आपण नाही म्हणत राहिलो तर हा पोरका होईल, हे त्यांना दिसत होते. मरणाचे भय तसे त्यांना फारसे वाटत नव्हते, पण त्या पोरकेपणात हा सगळ्यांना फोन करून आजाराचे नाव चुकीचे सांगत बसेल, हेही दिसत होते. तरी जीभ 'हो' म्हणायला वळेना. हो म्हणायचे म्हणजे कोणा अनोळखी माणसाच्या दारात वाटी घेऊन उभे राहायचे. आणि त्या माणसाला ते परत कधी करणार, कसे करणार, शीग कोठून लावणार. "उत्कर्षाला पाठव," त्या म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनाही नीट कळले नाही. बहुधा समोरून मुलाचे तोंड हलावे म्हणून.

सून उत्कर्षा आली. हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकाच्या प्रणालींतल्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळे; घरातल्या चुका मात्र तिने इतक्या वर्षांत एकदाही काढल्या नव्हत्या, आणि विमलाबाई याचे श्रेय घराला देत. ती खाटेशी उभी राहिली. ओठ फिकट, डोळ्यांखाली काळे. विमलाबाईंना वाटले, जागरण.

"रक्त द्यायला कोण कोण गेलं होतं?" त्यांनी विचारले.

"आम्ही दोघं खाली रक्तपेढीत जाऊन आलो, आई. आपण जेवढं घेऊ तेवढं बदली म्हणून द्यायचं असतं, तसं ते म्हणाले."

"अभयनं दिलं?"

"त्यांना चक्कर आली."

"दिल्यावर?"

"सुई बघितल्यावर."

विमलाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. भीमराव दारूगोळ्यात आयुष्य काढलेला माणूस. "आणि तू?"

उत्कर्षा खाली पाहून म्हणाली, "मला नको म्हणाले."

त्या शब्दाबरोबर विमलाबाईंच्या अंगात कोठून बळ आले कोण जाणे. त्या कोपरावर उठल्या. नको म्हणाले. या शब्दाची त्यांची ओळख फार जुनी होती. तो कोणत्या आवाजात, कोणत्या दारात, नाव-गाव-आडनाव विचारून झाल्यावर किती थांबून येतो, हे त्यांना लहानपणापासून पाठ होते. तुमच्या हातचे पाणी नको. तुमच्याकडचा डबा नको. जागा भाड्याने द्यायची आहे, पण आता नको. आणि आता, घरोघरी संगणक आलेल्या या काळात, एवढ्या मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, त्यांच्या सुनेचे रक्त नको. यंत्र टिकटिकू लागले. "कोण म्हणालं?" त्यांनी विचारले. "नाव विचारलंस? आडनाव सांगितल्यावर म्हणाला की आधी? लेखी मागितलंस का? मागायचं. तोंडी ऐकून घ्यायचं नाही. त्या श्रीनिवासला बोलाव. अभयला म्हणावं, वकील बघ. मी स्वतः खाली येते."

"आई, तसं नाही काही."

"तसंच असतं. तुम्हा मुलांना कळत नाही, गोड बोलून करतात."

"आई," उत्कर्षा म्हणाली, "माझंच कमी आहे. साडेबारा लागतं. माझं नऊ पॉइंट आठ निघालं. ते म्हणाले, तुम्हीच आधी उपचार घ्या."

विमलाबाई कोपरावर तशाच राहिल्या. लढाईला निघालेल्या माणसाला वेशीपाशी कोणी सांगावे की शत्रू तुमच्याच स्वयंपाकघरात आहे, तसे त्यांचे झाले. माझ्या घरात, हे दोन शब्द त्यांच्या मनात आले. ज्या घरातून कोणी उपाशी गेले नाही. ज्या घरची खीर चार चाळींना पुरे. त्या घरातल्या बाईला रक्तपेढीतला एक अनोळखी माणूस तपासतो आणि सांगतो, हिच्या अंगात पुरेसे नाही. आणि मग, त्यांची इच्छा नसताना, स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभे राहिले. रविवारचे मटण. काळीज निवडून अभयच्या ताटात, नातवाच्या ताटात, नळी नातवाला, चांगले तुकडे पाहुण्यांना, बायकांना रस्सा. रश्श्यात सत्त्व असते, असे विमलाबाईंच्या सासूबाई म्हणत, आणि विमलाबाई उत्कर्षाला म्हणत. उत्कर्षा कंपनीच्या बसने अंधार पडल्यावर येई आणि ओट्याशी उभी राहून, पातेल्यात जे उरले असेल त्यात भात कालवून, चार घासांत उरकी. विमलाबाईंनी ते रोज पाहिले होते. त्यांना ते नीटनेटके वाटे. त्याही ओट्याशीच जेवत आल्या होत्या. पाय दुखत, जिना चढताना धाप लागे, डोळ्यांपुढे काजवे चमकत. त्याला त्या आपले वय म्हणत, आणि तिशीतही त्याला वयच म्हणत होत्या. म्हणजे हे कुलूप काही जंतूंमुळे आजच लागले नव्हते. कोठीची किल्ली आपल्याच कमरेला होती आणि आपण स्वतः बाहेर रस्सा पीत बसलो होतो.

हे सगळे त्यांनी उत्कर्षाला सांगितले असते, तर त्या विमलाबाई कसल्या. त्यांनी मुखवटा नाकावर घेतला, दोन श्वास घेतले, पुन्हा बाजूला केला.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मलाच कुठं माहीत होतं? दमायला तर सगळेच दमतात."

"दमायला सगळेच दमतात," विमलाबाईंनी तिचे वाक्य तिला परत केले. पण ते म्हणताना नेहमीची धार आली नाही. "श्रीनिवासला बोलाव. वकिलाचं राहू दे."

डॉक्टर आले. विमलाबाईंनी त्यांना स्टुलावर बसायची खूण केली आणि ते बसले. "डॉक्टर, मी दान घेत नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर निराशा पसरू लागली, तोच त्या पुढे म्हणाल्या, "उसनं घेईन. मी कधी घेतलेलं नाही, म्हणून रीत विचारते. परत द्यायला मुदत किती?"

डॉक्टर श्रीनिवास जरा गोंधळले. मग त्यांना समजले असावे, कारण ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "मुदत नाही, आजी. सवडीनं."

"मी देऊन चालेल?"

"नाही. तुमचं वय झालं."

"मग ही देईल. हिचं किती झालं की घ्याल?"

"साडेबारा. दोन-चार महिने तरी लागतील. गोळ्या घ्यायच्या आणि नीट जेवायचं."

"ते मी बघते," विमलाबाई म्हणाल्या. "त्याकरता मला घरी जावं लागेल. तुमची पिशवी लावा."

पिशवी यायला वेळ लागला. आली तेव्हा जयाने आणि दुसऱ्या सिस्टरने मिळून तिच्यावरचे आकडे दोनदा मोठ्याने वाचले, आणि विमलाबाईंनी तिसऱ्यांदा वाचायला लावले. रक्त गडद होते, त्यांनी कल्पिले होते त्याहून काळसर, आणि नळीतून खाली येताना ते घाई करीत नव्हते. हातात थोडा गारवा शिरला. कोणाचे असेल. खडकीच्या एखाद्या फिटरचे, कसब्यातल्या एखाद्या तांबटाचे, अभयसारखाच गळ्यात ओळखपत्र लावून हिंडणाऱ्या पण सुईला न भिणाऱ्या एखाद्या पोराचे. माणूस दिसत नव्हता; नुसते देऊन, चहा पिऊन, बिस्किट खाऊन निघून गेला होता. त्याने नाव विचारले नव्हते आणि आपले सांगितलेही नव्हते. विमलाबाईंना त्याच्याशी दारात उभे राहून अर्धा तास बोलावेसे वाटले.

"भेटायची वेळ संपली ताई," जया उत्कर्षाला म्हणाली.

उत्कर्षा निघाली तसे विमलाबाईंनी विचारले, "पिशवीत काय आहे तुझ्या?"

"डबा. ह्यांच्यासाठी. सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी."

"आणि तू?"

"मी घरी जाऊन जेवीन. सगळ्यांचं झालं की."

"आधी तू जेव," विमलाबाई म्हणाल्या.

उत्कर्षाने ऐकले, पण तिला ते समजले नाही. त्या घरात आल्यापासून हे शब्द तिने या क्रमाने ऐकले नव्हते. "मी?"

"तूच. त्याला चक्कर येते ती सुई बघून, भूक लागून नाही. बाहेर बस आणि जेव. मला दिसेल अशी बस."

विभागाच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. काचेपलीकडे अभय हात पुढे करून डब्यासाठी उभा होता. उत्कर्षाने त्याला काहीतरी सांगितले, त्याने आत पाहिले, आईचा चेहरा पाहिला आणि हात मागे घेतला. उत्कर्षाने डबा उघडला, झाकण काखेत धरले, आणि सवयीप्रमाणे भिंतीला टेकून, उभ्याउभ्याच पहिला घास मोडला. विमलाबाईंनी रक्त चाललेला हात उचलला. नळी दुमडली, यंत्राने गळा काढला, जया धावत आली, "आजी, हात खाली ठेवा, रक्त बंद पडून राहिलं ना." विमलाबाईंनी हात खाली घेतला नाही. काचेपलीकडे उत्कर्षाचा घास हातातच राहिला होता आणि ती घाबरून आत पाहत होती. विमलाबाईंनी पंजा उघडला, पालथा केला आणि खाली दाबला, एकदा, मग पुन्हा एकदा, वर्गातल्या मुलीला करतात तसा. बाकडे रिकामे होते. उत्कर्षा बसली.